उतरलेले वजन आणि पावसाळ्याचे चार महिने : एका मधुमेही वृद्धेचे प्रकरण

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका गावात मुलगा, सून आणि नातू यांच्यासोबत राहणाऱ्या ७२ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. त्यांना १६ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आणि जवळपास तेवढ्याच काळापासून उच्च रक्तदाब आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या तपासणीसाठी आल्या, तेव्हा त्यांची स्वतःची अशी काहीच तक्रार नव्हती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ६.३ टक्के होते आणि अडीच वर्षांत वजन ६१.२ किलोवरून ५३.४ किलोपर्यंत उतरले होते. घरच्यांना आणि खुद्द बाईंना हे पथ्य पाळल्याचे फळ वाटत होते, आणि आधीच्या तपासण्यांमध्येही त्यांचे कौतुकच झाले होते.

सुनेने मात्र जाता जाता एक गोष्ट सांगितली. “आई हल्ली कदंब बसने कुठे जात नाहीत. पायरी उंच लागते म्हणतात. सोमवारी मंगेशीच्या पालखीलाही गेल्या नाहीत किती दिवसांत.” त्यावर बाई लगेच म्हणाल्या, “वय झालं गो आता, दुसरं काय!” प्रकरणाची खरी सुरुवात या दोन वाक्यांपासून झाली. बसची पायरी चढण्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंनी एका पायावर सगळे शरीर उचलावे लागते. दोन वर्षांपूर्वी ते जमत होते आणि आज जमत नाही, याचा अर्थ मधल्या काळात काहीतरी घडले होते, आणि ते काय हे वयावर ढकलून देण्याआधी तपासणे भाग होते.

बाईंना हात छातीशी धरून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठून बसायला सांगितले. पहिल्या खेपेस त्यांनी पुढे वाकून झोका घेतला आणि त्या उठल्या. तिसऱ्या खेपेस दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वळले, हात आपोआप छातीवरून सुटून मांड्यांवर आले आणि त्या अर्ध्यावरून परत खुर्चीत बसल्या. थोडा वेळ विश्रांती देऊन पुन्हा मोजले तेव्हा पाच उठबशांना १९ सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर स्नायूंची कार्यक्षमता घटली असे समजतात. हाताची पकड १३ किलो भरली, स्त्रियांसाठी ती किमान १८ किलो असावी लागते. चालण्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटर होता, तो १ मीटरच्या खाली नसावा. पोटरीचा घेर २९.५ सेंटिमीटर होता, तेथे मर्यादा ३३ सेंटिमीटरची आहे. ताकद, चालताना लागणारा आधार, खुर्चीवरून उठणे, जिना चढणे आणि पडणे या पाच प्रश्नांच्या सार्क-एफ चाचणीत ४ गुणांपासून पुढे संशय धरतात. बाईंचे ५ गुण झाले. त्यांतला एक गुण ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या अंगणात त्या घसरून पडल्या होत्या त्याचा होता, आणि ही घटना त्यांनी घरी कोणाला सांगितली नव्हती. पुढे विद्युतरोधावर आधारित यंत्राने शरीररचना मोजली तेव्हा हातापायांच्या स्नायूंचा निर्देशांक ५.२ आला. या पद्धतीत स्त्रियांसाठी मर्यादा ५.७ आहे. ताकद, वेग आणि स्नायूंचे प्रमाण हे तिन्ही कमी असल्याने तीव्र स्वरूपाचा सार्कोपेनिया, म्हणजे वयानुसार होणारा स्नायूक्षय, असे निदान झाले.

बाई दिसायला कृश नव्हत्या, हे या प्रकरणात महत्त्वाचे आहे. १५१ सेंटिमीटर उंचीला ५३.४ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३.४, जो भारतीयांसाठीच्या जास्त वजनाच्या २३ या मर्यादेच्या किंचित वरच आहे. कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर होता आणि सुनेच्या सांगण्याप्रमाणे परकराच्या नाडीची गाठ दोन वर्षांपूर्वी बसायची तेथेच अजून बसत होती. वजन जवळजवळ आठ किलोंनी उतरूनही पोट तेवढेच राहिले असेल, तर गेलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता असे समजायला हरकत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. आपल्याकडच्या माणसाच्या बाबतीत वजनकाटा किती अपुरे सांगतो, हे त्या तुलनेतून दिसते. वृद्ध मधुमेहीच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे.

वहीतला उतार

बाईंनी आयुष्यभर मुलांच्या प्रगतीच्या नोंदी ठेवल्या. तीच सवय त्यांनी स्वतःच्या आजाराला लावली होती. दुरेघी वहीत दर महिन्याच्या शेवटी औषधांच्या दुकानातल्या काट्यावरचे वजन, उपाशीपोटीची साखर आणि शेवटच्या रकान्यात एखादी टीप, अशा नोंदी होत्या. दुसऱ्या भेटीत ती वही त्यांनी आणली. आकडे क्रमाने लावल्यावर वजन सरळ रेषेत उतरलेले नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरले आहे, हे स्पष्ट झाले. पहिल्या वर्षी मेअखेर ६१.२ किलो आणि सप्टेंबरअखेर ५९ किलो. पुढच्या मेअखेर ५८.३ आणि सप्टेंबरअखेर ५६.१. तिसऱ्या वर्षी मेअखेर ५६.३ आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ५३.४. कोरड्या महिन्यांत वजन जवळपास स्थिर राहत होते. अपवाद दुसऱ्या वर्षीच्या जानेवारी ते मे या काळातला, तेव्हा एखादा किलो गेला होता आणि त्याच जानेवारीत डापाग्लिफ्लोझिन हे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे औषध सुरू झाले होते. बाकीची घट तिन्ही वर्षी पावसाळ्यातच झाली होती.

कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात जे थोडे मासे येतात त्यांचे भाव चढतात आणि चौघांच्या हुमणात (माशांच्या आमटीत) दोनच बांगडे पडतात. ही बंदी उठते न उठते तोच श्रावण लागतो किंवा आधीच लागलेला असतो, आणि बाईंच्या घरी श्रावण सुरू झाल्यापासून चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत निस्ते (मासे) घरात येत नाही. अंडेही नाही. सोमवार आणि एकादशी वर्षभर पाळल्या जातात. म्हणजे साधारण तीन महिने या घराच्या जेवणातला प्रथिनांचा मुख्य स्रोत बाजूला होतो आणि त्याच्या जागी ठरवून दुसरे काही येत नाही. याच दिवसांत जांभ्या दगडाच्या वाटा निसरड्या होतात, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) जाणे थांबते, सकाळचे चालणे थांबते. तिसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये भर पडली ती तापाची. वहीत टीप होती : ‘ताप. नऊ दिवस अंथरुणात. पेज घेतली.’ निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवल्यास पायांतील जवळपास एक किलो मांस जाते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. बाई तर निरोगीही नव्हत्या.

एका वहीवरून साऱ्या गोव्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. त्यामुळे येथल्या वृद्ध मधुमेहींचे मेअखेरचे आणि चवथीनंतरचे वजन शेजारीशेजारी मांडून पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्याला खर्च काहीच येत नाही.

वयाबरोबर स्नायू सगळ्यांचेच कमी होतात, पण मधुमेहात ते लवकर आणि अधिक प्रमाणात होते. इन्शुलिन साखर पेशींत नेते, तसेच स्नायूंमधील प्रथिनांची झीज रोखायलाही मदत करते. त्याला शरीर दाद देईनासे झाले की हे दुसरे कामही ढिले पडते. चरबीतून येणारा सौम्य, पण सततचा दाह आणि पायांच्या नसांचा ऱ्हास यांची त्यात भर पडते. ७० ते ७९ वयोगटातील व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मधुमेहींच्या मांडीच्या स्नायूंची ताकद तीन वर्षांत इतरांपेक्षा अधिक वेगाने घटली, आणि ती घट केवळ स्नायूंचे आकारमान कमी झाल्याने समजावून सांगता येण्याजोगी नव्हती. उलट बाजूनेही हे चक्र फिरते. इन्शुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. ते कमी झाले की साखर ठेवायची जागाच कमी होते. बाईंच्या अहवालात हा बिघाड दिसत नव्हता, कारण तीन औषधे आणि तुटपुंजा आहार मिळून आकडा खाली दाबून धरत होते.

आहार किती तुटपुंजा, हे सुनेच्या मदतीने तीन दिवसांचे जेवण लिहून काढल्यावर कळले. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे, नंतर अर्धा उंडा (पाव) आणि पातळभाजी, दुपारी वाटीभर शीत (भात) आणि त्यावर हुमणाचा रस, रात्री एक चपाती आणि पालेभाजी. माशाचा तुकडा ताटात वाढला जात होता, पण बाई त्यातले काटे हळूहळू वेगळे करून तो नातवाच्या ताटात सरकवत होत्या, आणि स्वतः रस पुरवून खात होत्या. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा नसल्याने त्यांना चावायला त्रास होत होता, हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. दूध साखर वाढेल म्हणून आणि कडधान्ये वातूळ म्हणून सुटली होती. दिवसाची प्रथिने जेमतेम ३२ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.६ ग्रॅम भरली. प्रौढांसाठी आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांसाठी तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, आणि आजार असेल तर त्याहून अधिक. सोळा वर्षांत बाईंना मिळालेल्या सगळ्या सूचना काय सोडावे याच्या होत्या. भात कमी, नारळ कमी, फळे नको, तळलेले नको. काय न चुकता खावे, हे त्यांच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

उपचार ठरवण्याआधी वजन घटण्याची इतर कारणे तपासली. थायरॉइड, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी यांत काही आढळले नाही. हिमोग्लोबिन १०.९ होते. ब जीवनसत्त्व १२ बरेच कमी निघाले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत हे वारंवार आढळते. ड जीवनसत्त्वही कमी होते. तळपायांची संवेदना दोन्हीकडे मंदावली होती, डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल होते, पण तातडीचे काही नव्हते.

मूत्रपिंडाच्या अहवालाकडे मात्र थांबून पाहावे लागले. क्रिएटिनिन ०.७ होते आणि त्यावरून काढलेली गाळणक्षमता ९२ येत होती, जी ७२ व्या वर्षी, सोळा वर्षांच्या मधुमेहानंतर, खरी वाटण्यापलीकडची होती. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते. स्नायू झिजले की ते रक्तात कमी दिसते आणि मूत्रपिंड आहे त्याहून चांगले भासते. सिस्टॅटिन सी या स्नायूंवर फारशा अवलंबून नसलेल्या घटकावरून काढलेली क्षमता ६८ आली. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाणही किंचित वाढलेले होते. प्रथिने वाढवायला यामुळे अडथळा नव्हता, कारण ती आवर धरून द्यावी लागतात ती क्षमता ३० च्या खाली गेल्यावर. तरी पुढे कशावर लक्ष ठेवायचे ते ठरले.

काय बदलले

सर्वांत आधी ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारे औषध थांबवले. बाईंच्या वहीत एका एकादशीच्या पुढे सकाळी साडेअकराची नोंद होती : ‘घाम, हात थरथरले. साखर ५८. गूळ खाल्ला.’ अशा वयात, उपास करणाऱ्या, एकदा पडलेल्या आणि कमी खाणाऱ्या व्यक्तीला साखर एकदम उतरवणारे औषध देणे धोक्याचे आहे, आणि ६.३ हा आकडा त्या धोक्याची किंमत मोजून मिळालेला होता. मेटफॉर्मिन निम्मे केले, ब१२ सुरू केले. डापाग्लिफ्लोझिनचा निर्णय कठीण होता. अल्ब्युमिन जात असताना हे औषध मूत्रपिंडाला उपकारक असते, पण ते वजन उतरवते आणि त्या वजनात काही भाग स्नायूंचाही असतो. आधीच झिजलेल्या शरीरात ते काही महिने थांबवून वजनावर परिणाम न करणारे लिनाग्लिप्टिन हे मधुमेहाचे औषध द्यावे, रक्तदाबासाठी चालू असलेले टेल्मिसार्टन मूत्रपिंडासाठीही तसेच ठेवावे, असे ठरवले. दुसरा डॉक्टर कदाचित वेगळे ठरवील आणि त्याच्याकडेही कारणे असतील. एचबीए१सीचे लक्ष्य ७ ते ७.५ टक्के ठेवले.

आहारात दिवसाला ६४ ग्रॅम प्रथिनांचे उद्दिष्ट ठेवले, तेही तिन्ही जेवणांत वाटून, कारण म्हातारपणी स्नायूंना थोड्या प्रथिनांनी जाग येत नाही. एका वेळी वीसेक ग्रॅम मिळाली तर उपयोग होतो. सकाळी दोन अंडी आणि कपभर दूध, दुपारी एक अख्खा बांगडा किंवा तेवढीच तारली आणि दही, रात्री अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणक (रस्सा) किंवा चण्यांचा रस. सोमवारी आणि श्रावणात मुगाचे घावन, मुगागाठी, पनीर आणि सोयावडी. कडधान्ये मोड आणून मऊ शिजवायची, म्हणजे दातांची अडचण येत नाही. सुके मासे रक्तदाबामुळे क्वचितच. ताटात आधी मासा किंवा तोणक आणि मग शीत, हा क्रम सुनेने लावून धरला. नातवाला त्याचा वेगळा तुकडा मिळू लागला. आजीचा तुकडा तिनेच खायचा, हे त्याच्या आईने त्याला आणि आजीलाही एकाच वेळी सांगितले, आणि माझ्या मते या घरातला सर्वांत परिणामकारक बदल तोच होता.

व्यायामासाठी सुरुवातीला भौतिकोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा घरी येत. चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी चांगले आहे, पण झिजलेला स्नायू परत आणायला त्याच्यावर हळूहळू वाढत जाणारा भार टाकावा लागतो. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. ‘या वयात आता काय’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगावी असे मला वाटते. बाईंची सुरुवात खुर्चीवर घडीच्या दोन गोधड्या ठेवून उठण्या-बसण्याने झाली. ते सोपे झाल्यावर एक गोधडी काढली, मग दुसरी. घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करणे, खिडकीचे गज धरून टाचा उचलणे, आणि सोप्याच्या (ओसरीच्या) खालच्या पायरीवर चढ-उतार. श्वास रोखायचा नाही, आणि तळपायांची संवेदना मंद असल्याने घरातही अनवाणी वावरायचे नाही.

जानेवारीत एचबीए१सी ७.२ आले. मुलगा अहवाल घेऊन एकटाच आला. “डॉक्टर, एवढं सगळं करून साखर वाढलीच ना?” त्याची काळजी खरी होती, कारण सोळा वर्षे त्या घराला एकच आकडा खाली ठेवायला शिकवले होते. त्याला वहीतली एकादशीची नोंद दाखवली आणि ग्लिमेपिराइड थांबवल्यानंतरच्या तीन महिन्यांत साखर एकदाही ७० च्या खाली गेली नाही, तेही दाखवले. मग आईची उठबशांची वेळ १९ सेकंदांवरून १६ वर आली आहे हे सांगितले. तो पूर्ण समाधानी झाला असे म्हणता येणार नाही, पण औषध परत सुरू करा असे तो म्हणाला नाही. एप्रिलमध्ये औषधांत वाढ न करता एचबीए१सी ७ वर आले.

खरी कसोटी पावसाळ्याची होती. मेअखेर वजन ५५.१ किलो, पकड १५.४ किलो आणि उठबशा १४.२ सेकंद होत्या. जून लागण्याआधीच अळसांदे, चणे, मूग आणि सोयावडी भरून ठेवली. श्रावण लागेपर्यंत अंडी वाढवली. व्यायाम अंगणातून आतल्या सोप्यावर आणला आणि अंगणातले शेवाळ घासून काढले. वजन महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी घ्यायचे आणि एक किलो उतरले तर लगेच फोन करायचा, असे वहीच्या पुठ्ठ्यावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले. ताप आला तरी शक्य होईल त्या दिवसापासून दिवसातून काही वेळा उठून उभे राहायचे आणि पेजेसोबत अंडे किंवा मुगाचे कढण घ्यायचे, हेही ठरले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वजन ५४.८ किलो भरले. तिन्ही पावसाळ्यांत दोन-तीन किलो जात होते, या वेळी तीनशे ग्रॅम गेले. पकड १६.२ किलो, उठबशा १३.४ सेकंद, चालण्याचा वेग ०.८६ मीटर, पोटरीचा घेर ३०.४ सेंटिमीटर, आणि वर्षभरात एकदाही पडणे नाही. यांतला एकही आकडा अजून निकषाच्या सुरक्षित बाजूला गेलेला नाही, त्यामुळे बाई बऱ्या झाल्या असे मी लिहिणार नाही. त्या पुन्हा पालखीला जाऊ लागल्या आहेत, पण मुलाच्या स्कूटरवरून. कदंबची पायरी त्यांना अजून दोन्ही हातांनी दांडा धरूनच चढावी लागते.

दोन गोष्टी बाकी आहेत. खालच्या दाढांची कवळी बसवायला बाई अजून तयार नाहीत. लघवीतील अल्ब्युमिन वर्षभरात थोडे वाढले आहे, म्हणून वजन आणि ताकद जानेवारीपर्यंत टिकली तर डापाग्लिफ्लोझिन परत सुरू करण्याचा विचार आहे. त्या वेळी पोटरीचा घेर आणि उठबशा दर महिन्याला मोजायच्या, आणि त्यासाठी बाईंनी वहीत दोन नवे रकाने आखून ठेवले आहेत.